नखाच्या मुळाशी

राहुरीत लग्नाचा फोटोवाला कोण सांगायचा असा प्रश्न निघाला की पहिलं नाव यायचं गोरक्षचं. काम चोख, माणूस सरळ, आणि पंगतीत कुणाच्या तोंडात घास असेल तर कॅमेरा खाली घेऊन थांबणारा. पण आतली गोष्ट थोड्यांनाच ठाऊक होती. गोरक्ष फोटो काढायचा, आणि त्या फोटोचा फोटो करायची त्याची बायको, स्नेहल. मोठ्या रस्त्याला लागून त्यांचा स्टुडिओ, पुढच्या खोलीत तो, मागच्या खोलीत संगणकापुढे ती. कॅमेऱ्यातलं कार्ड काढून तिच्या तळहातावर ठेवलं की त्याचं काम संपलं, असं सोळा वर्षं चाललं होतं. कार्यालयातल्या मरतुकड्या उजेडात काढलेल्या फोटोंवर रव्यासारखे दाणे उठायचे, ते ती घालवायची. नवरीच्या गालावरचा फोड, मामाच्या सदऱ्यावरचा आमटीचा डाग, सासूच्या कपाळावरची आठी, सगळं पुसायची. आणि असं पुसायची की त्या जागी कधी काही होतं हे खुद्द मामालाही आठवू नये.

"तुझ्या हातात माणूस गेला की त्याची आई बी वळखायची न्हाई," गोरक्ष तिला चिडवायचा.

"आयाच सांगून जात्यात, जरा उजळ कर म्हनून," ती मान वर न करता म्हणायची.

त्याच स्नेहलच्या उजव्या अंगठ्याच्या नखात दिवाळीच्या सुमाराला एक काळी रेघ दिसायला लागली. मुळापासून टोकापर्यंत, पेनानं ओढल्यासारखी सरळ. गोरक्षची आई छबूबाई म्हणाली, वरवंटा पडला असंल, नख वाढंल तशी निघून जाईल. वरवंटा पडल्याचं स्नेहलला काही आठवत नव्हतं, पण आठवत नाही म्हणजे पडला नाही असं थोडंच आहे? नख वाढलं, तिनं ते कापलं, पुन्हा वाढलं. रेघ होती तिथंच राहिली, वर मुळाशी जरा रुंदही झाली.

डिसेंबरात स्नेहलच्या भाचीचं लग्न झालं. त्या गडबडीनंतर चौथ्या दिवशी दोघं नगरला गेले, सावेडीत, डॉक्टर नीलांबरींच्या दवाखान्यात. कातडीच्या डॉक्टर. बाई वयानं बेताच्याच, पण बोलणं असं नेमकं की समोरच्याला उगाच पाल्हाळ लावायची लाज वाटावी. त्यांनी स्नेहलचा हात दिव्याखाली घेतला आणि कपाळाला हात लावला.

"मेंदी कशाला लावलीत हो बोटांना?"

"भाचीचं लगीन हुतं, मॅडम."

बोटांची टोकं पेरापर्यंत मेंदीत बुडवलेली, नखांसकट लालतपकिरी. डॉक्टरांनी डोळ्याला भिंग लावून बराच वेळ पाहिलं. मग भिंग बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "अशा रेघा पुष्कळांना असतात आणि बहुतेक वेळा त्यात काही नसतं. पण एकाच बोटाला आहे, या वयात नव्यानं आलीय आणि मुळाशी रुंद होतेय, म्हणून लक्ष ठेवायचं. मला बघायचीय ती ही जागा." त्यांनी नखाच्या मुळाशी, जिथं नख कातडीत शिरतं, तिथं पेनाचं टोक टेकवलं. "काळा रंग नख सोडून इथं कातडीवर उतरला, की मी एक दिवस थांबणार नाही. आत्ता मेंदीखाली काय आहे ते मला खात्रीनं सांगता येत नाही. पंधरावीस दिवसांत कातडीची मेंदी जाईल. मग पुन्हा या."

"आन उतरला आसंल तर?" स्नेहलनं विचारलं. गोरक्षला तो प्रश्न विचारायचा नव्हता, कुणी विचारायलाही नको होता.

"तर तिथला तुकडा काढून तपासायला पाठवायचा. वाईट निघालं तर अंगठ्याचा पुढचा भाग काढावा लागतो. ताई, वेळेत कळलं तर माणूस वाचतो. उशीर झाला तर ते अंगठ्यावर थांबत नाही."

गोरक्षनं खुर्ची मागं सरकवली. त्याला त्या खुर्चीत पुन्हा येऊन बसायचं नव्हतं. खरं कारण तेवढंच होतं. तोंडानं मात्र त्यानं लग्नाच्या तारखा पुढं केल्या. "मॅडम, मेंदी गेल्यावर फोटो पाठवला तर चालंल? मी फोटोवालाच हाय."

"मोबाईलचे फोटो माझ्या कामाचे नसतात. सावली कुठली आणि रंग कुठला, काही कळत नाही. सगळा नुसता चिखल."

"मोबाईलचा न्हाई. मोठ्या कॅमेऱ्याचा. कातडीवरच्या बारीक रेघा मोजता येतील आसा देतो. आन त्यात एक दाना दिसला तर धंदा सोडतो."

डॉक्टर पहिल्यांदा हसल्या. शेजारी पट्टी ठेवून काढा म्हणाल्या, दर महिन्याला, त्याच उजेडात, तेवढ्याच अंतरावरून. गोरक्षला सुटल्यासारखं वाटलं. बढाई मारून आलेलं ते सुटणं होतं, हे त्याला पुढं दोन महिने कळायचं नव्हतं.

जानेवारीत संक्रांत झाल्यावर कातडीवरची मेंदी गेली. गोरक्षनं एक सकाळ मोकळी ठेवली. पुढच्या खोलीला उत्तरेकडे खिडकी होती, तिथून दहाच्या सुमाराला मऊ, एकसारखा उजेड यायचा. खिडकीपाशी त्यानं टेबल लावलं, टेबलावर तांदळाची छोटी पिशवी, तिच्यात खळगा करून स्नेहलचा हात. अंगठ्याशेजारी स्टीलची पट्टी. पलीकडून थर्माकोलचा पांढरा तुकडा, सावली मरावी म्हणून. कॅमेरा ट्रायपॉडवर, जवळचं टिपणारं भिंग पुढं. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड खेचायची ताकद, सगळ्यात खाली, शंभरावर. कार्यालयात तो सहा हजारांच्या खाली यायचा नाही. तिथं उजेड नसतो आणि माणसं पळत असतात, मग दाणे उठतात ते उठतात. इथं घाई नव्हती. काळ्या भागात दाणे आधी उठतात, म्हणून उजेड त्यानं मापापेक्षा थोडा वरच धरला. आयएसओ एवढा खाली म्हणजे शटरचा पडदा अर्धा सेकंद उघडा राहणार, आणि त्या अर्ध्या सेकंदात काहीही हलायला नको होतं. म्हणून बटणाला बोट लावायचं नाही. हादरा बसू नये म्हणून कॅमेऱ्यातला आरसा आधीच वर, दोन सेकंदांचा टायमर, आणि हात मागे.

"पंखा बंद कर. श्वास सोड, आन मग धर."

"धरला."

तेवढ्यात उसाची ट्रॉली आली. कारखान्याचा हंगाम जोरात होता, दर दहा मिनिटांनी दोन दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर रस्त्यानं जायचा आणि स्टुडिओची फरशी पायाखाली गुणगुणायची. गोरक्ष थांबला. ट्रॉली गेली, फरशी निवांत झाली, त्यानं टायमर दाबला. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. असे नऊ फोटो घेतले.

मग कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर त्यानं शेवटचा फोटो मोठा केला, शार्प आलाय का ते बघायला. त्यानं पट्टी बघितली. मिलिमीटरच्या रेघा ब्लेडनं कापल्यासारख्या स्वच्छ उमटल्या होत्या, स्टीलवरचा ओरखडासुद्धा. पट्टी शार्प म्हणजे सगळंच शार्प. बोटभर बाजूला सरकवलं असतं तर नखाचं मूळ दिसलं असतं. त्यानं सरकवलं नाही. सोळा वर्षांत हजारो माणसांच्या डोळ्यांवर फोकस तपासलेला हा माणूस आपल्या बायकोच्या बोटाकडे बघायला घाबरला, आणि पट्टीवर समाधान मानून त्यानं कार्ड काढलं.

"झ्याक आलाय. बघ जरा आन पाठवून दे मॅडमला. डॉक्युमेंट करून पाठव, न्हाईतर व्हॉट्सअ‍ॅप दाबून टाकतंय."

स्नेहल कार्ड घेऊन मागच्या खोलीत गेली. तासभर बाहेर आली नाही. गोरक्ष पुढं बसून पासपोर्ट फोटो कापत राहिला आणि त्यातले दोन वाकडे कापले.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. कातडी स्वच्छ दिसते आहे, फोटो उत्कृष्ट, महिन्यानं पुन्हा पाठवा. गोरक्षनं ते चारदा वाचलं. मग गाडी काढून पेढे आणले, देवापुढं ठेवले, आईच्या हातावर ठेवले, चौकातल्या पुतळ्यापाशी उभ्या असलेल्या रिक्षावाल्यांनासुद्धा वाटले. कुणी विचारलं कशाचे, तर म्हणाला, असेच. स्नेहलनं पेढा खाल्ला नाही. पित्त झालंय म्हणाली. त्यानंतर तिच्या अंगठ्याला कायम चिकटपट्टी असायची. कांदा चिरताना लागतं, मिरची झोंबते, काहीतरी कारण असायचं. लोणीला हॉस्टेलवर असलेली त्यांची मुलगी मनवा रविवारी फोनवर विचारायची, आईचा आवाज असा का येतोय? गोरक्ष सांगायचा, सर्दी असंल. त्यालाही खरंच तसंच वाटत होतं. वाटून घ्यायचं म्हटलं की माणसाला काय वाटत नाही?

फेब्रुवारीत, बरोबर महिन्यानं, त्यानं पुन्हा टेबल खिडकीशी ओढलं. स्नेहल दळण घेऊन गिरणीत गेली होती. मागच्या वेळी कॅमेरा किती अंतरावर होता, उजेड किती वर धरला होता, ते त्याला नेमकं आठवेना. फोटोच्या मूळ फाईलीत सगळं लिहिलेलं असतं, म्हणून तो मागच्या खोलीत गेला, तिच्या खुर्चीवर बसला आणि शोधायला लागला. तिच्या संगणकाची त्याला सवय नव्हती. फोल्डर सापडायला वेळ लागला. आत नऊ मूळ फोटो होते आणि एक पाठवलेला.

त्यानं पहिला मूळ फोटो उघडला. आकडे खाली लिहिलेले होते, ते त्यानं कागदावर टिपले. मग, आता भीती कशाची, डॉक्टरांनीच स्वच्छ म्हटलंय, म्हणून त्यानं फोटो मोठा केला.

नखाच्या मुळाशी काळी रेघ संपत नव्हती. ती कातडीवर उतरली होती. टिपकागदाच्या कडेला शाई लागावी आणि आत ओढली जावी, तशी तपकिरी, एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी.

 सावली असेल. त्यानं दुसरा उघडला, तिसरा उघडला. नऊच्या नऊ उघडले. सावली नव्हती; थर्माकोल त्यानंच लावला होता. फोकस चुकला म्हणावं तर कातडीवरची एक एक बारीक रेघ मोजता येत होती, जसं तो डॉक्टरांना बोलला होता तसंच. दाणे म्हणावं तर दाणा एक नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटलं, हा फोटो हललेला असता तर बरं झालं असतं, दाण्यांनी बरबटलेला असता तर बरं झालं असतं. मग काहीतरी म्हणता आलं असतं.

त्यानं पाठवलेला फोटो उघडला. तोच अंगठा, तीच पट्टी, तोच ओरखडा. नखातली रेघ होती तशीच. मुळाशी कातडी मात्र स्वच्छ. दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. ज्या जागी तपकिरी रंग होता त्या जागी आता निरोगी कातडी होती, तिच्यावरच्या बारीक रेघा आजूबाजूच्या रेघांना अचूक जुळवलेल्या, उजेडसुद्धा खिडकीच्याच बाजूनं पडलेला. राहुरीत, नगरात, सगळ्या जिल्ह्यात इतकं सफाईचं काम करणारं एकच माणूस त्याला माहीत होतं.

 त्या खुर्चीत तो किती वेळ बसला कुणास ठाऊक. बाहेरून ट्रॉल्या जात होत्या आणि टेबलावरच्या पेल्यातलं पाणी थरथरत होतं.

स्नेहल पिठाचा डबा कमरेवर घेऊन आली. दारातून तिला पडदा दिसला, पडद्यावर दोन अंगठे. तिनं डबा हळूच खाली ठेवला, हात पदराला पुसले.

"कवा केलंस?" तिच्याकडे न वळताच त्यानं विचारलं.

"त्याच दिशी."

"का?"

ती आत आली. मग बसली, खाली फरशीवरच, दाराला टेकून.

"तुमी म्हनला बघ जरा आन पाठव. मी बघितलं. मला कळलं की ते काय हाय. मॅडमनं पेन टेकवलं हुतं ती जागा." ती अंगठ्याची चिकटपट्टी दुसऱ्या हातानं दाबत होती. "खोटं न्हाई सांगत, मी ठरवून न्हाई केलं. डाग दिसला आन हात गेला. रोज जातो तसा. पुसल्यावर इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं म्हनून सांगू. म्हनलं हाय का, गेलं की! मग तोच पाठवला."

"आगं, फोटोतून गेलं! बोटातून गेलं का?" तो ओरडला. पलीकडच्या दुकानात ऐकू गेलं असेल. "महिना गेला, स्नेहल! एक महिना! मॅडम म्हनल्या हुत्या एक दिवस थांबनार न्हाई!"

"रोज सकाळी चिकटपट्टी काढून बघते," ती म्हणाली. "रोज वाटतं आज सांगू. तुमी पेढे वाटून आला. आता कसं सांगू? अंगठा काढत्यात हो. उजवा. माऊस कसा धरू, भाकरी कशी थापू, मनवा घरी आली की तिची येनी कशी घालू?" मग ती रडली. आवाज न करता, तोंडावर पदर धरून, आणि गोरक्षला तिच्यावर रागवावं की तिला जवळ घ्यावं ते कळेना. त्याला राग तिच्यापेक्षा स्वतःचाच जास्त येत होता. त्या दिवशी बोटभर फोटो सरकवला असता तर त्यालाही दिसलं असतं.

"ऊठ," तो शेवटी म्हणाला. "उजेड हाय तवर फोटो घेऊ. मागच्यासारखाच. काढला की तुझ्यादेखत पाठवायचा, ह्या संगनकात घालायचाबी न्हाई."

तांदळाची पिशवी, पट्टी, थर्माकोल. शंभर आयएसओ, तेवढंच अंतर. चिकटपट्टी काढताना तिनं डोळे मिटले. आणि या वेळी गोरक्षनं पट्टीवर नाही, सरळ नखाच्या मुळावर फोकस धरला. भिंगातून ती जागा त्याच्यासमोर अख्ख्या चौकटीएवढी मोठी झाली. तरी त्यानं नजर काढली नाही. तीन ट्रॉल्या जाऊ दिल्या, मग टायमर दाबला.

फोटो कॅमेऱ्यातून मोबाईलवर घेतला, मोबाईलवरून डॉक्टरांना गेला. दोन निळ्या खुणा उमटल्या. पाच मिनिटंही झाली नसतील, फोन आला. गोरक्षनं तो टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

"गोरक्ष, हा आजचा फोटो आहे?" डॉक्टरांच्या आवाजात घाई होती. 

"व्हय मॅडम. आत्ताचा."

"मागच्या महिन्याचा माझ्यासमोर आहे. त्यात कातडी पूर्ण स्वच्छ आहे. एका महिन्यात एवढं उतरलं असेल तर हे फार वेगानं चाललंय. मग तपासणी, रिपोर्ट, त्याची वाट बघणं, एवढा वेळ आपल्याकडे नाही. मी आत्ताच पुण्याला सर्जनशी बोलते. उद्या तुम्ही थेट तिकडे जायचं. अंगठा तर जाईलच, पण काखेत गाठी आल्यात का तेही..."

गोरक्ष स्नेहलकडे बघायला लागला. बायकोचं नाव घेऊन कसं सांगायचं? स्नेहलनं फोन आपल्याकडे ओढला.

"मॅडम, मी स्नेहल बोलते. मागच्या फोटोतबी डाग हुता. मी पुसला."

तिनं फोन आणखी तोंडाजवळ धरला.

"मी फोटोचं तेच काम करते, मॅडम. डाग काढायचं. भ्याले आन काढला. ह्यांना म्हाईत नव्हतं."

 मग डॉक्टर बोलल्या, पण आवाज चढवून नाही, आणि त्यामुळेच ते जास्त लागलं. "ताई, तो फोटो जरा जरी धूसर असता ना, तर मी तुम्हाला दुसऱ्याच दिवशी बोलावलं असतं. इतका स्पष्ट होता, म्हणून मी त्याच्यावर विश्वास ठेवला."

गोरक्षनं मान खाली घातली. ट्रायपॉड, टायमर, उजेड, शंभर आयएसओ, सगळी त्याचीच करामत. तिचं खोटं त्याच्या शार्प फोटोवर बसून डॉक्टरांपर्यंत गेलं होतं.

"मूळ फोटो आहे का? न पुसलेला?"

"हाय," दोघंही एकदम म्हणाले.

स्नेहल मागच्या खोलीत धावली. मूळ फाईल शोधून तिनं ती जशीच्या तशी पाठवली. पाठवताना माऊसवरचा तिचा हात गोरक्षनं धरून ठेवला होता, कशासाठी ते त्यालाही सांगता आलं नसतं. फोन चालूच होता. पलीकडे डॉक्टर दोन फोटो लावून बघत असणार, महिन्यापूर्वीचा आणि आजचा. गोरक्ष मनातल्या मनात म्हसोबाला नवस बोलला, मग कानिफनाथाला, मग त्याला भीती वाटली की दोघांना एकदम बोललेला कुणालाच पोचायचा नाही.

"ऐकताय?" डॉक्टर म्हणाल्या. "पट्टीवर मोजलं. मागच्या महिन्यात कातडीवरचा डाग एक मिलिमीटरला थोडा कमी. आज तेवढाच, फार तर केसभर जास्त. म्हणजे मघाशी मला वाटलं तसं ते धावत नाहीये. हे वाईट आहे की नाही, मी आत्ता सांगू शकत नाही आणि सांगणारही नाही. उद्या सकाळी दहाला माझ्याकडे या, तुकडा काढून तपासायला पाठवू. रिपोर्ट येईपर्यंत अंगठ्याचं काही ठरत नाही. आणि ताई, यापुढे फोटो नाही. तुम्ही स्वतः."

फोन बंद झाला. कुणी हुश्श केलं नाही. हुश्श करण्यासारखं काही नव्हतंच. मघाशी दार बंद झालं होतं, आता ते किलकिलं होतं, एवढंच. पलीकडे काय आहे हे उद्यापासून कळायला लागणार होतं.

स्नेहलनं तोंड धुतलं. पीठ डब्यातून डेऱ्यात ओतलं. मग पुढच्या खोलीत येऊन ती पुन्हा त्या टेबलापाशी उभी राहिली.

"उद्या जायच्या आधी ह्या हाताचा एक फोटो काढा," ती म्हणाली. "सगळ्या हाताचा. मी त्याला बोटबी लावनार न्हाई."

गोरक्षनं कॅमेरा थोडा मागं घेतला. उजेड उतरत आला होता, तरी आयएसओ त्यानं शंभरावरच ठेवला; दाणे नको होते. पडदा आता दोन सेकंद उघडा राहणार होता. ट्रायपॉडचे पाय त्यानं पुन्हा घट्ट केले. स्नेहलनं हात तांदळाच्या पिशवीवर ठेवला. तो टायमर दाबायला वाकला, तशी ती म्हणाली, "तुमीबी या."

मग त्यानं टायमर दहा सेकंदांवर केला, दाबला, आणि पलीकडे जाऊन बसला. तिच्या हाताखाली स्वतःचा हात घातला. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लुकलुकत होता. रस्त्यावर ट्रॉली नव्हती. पंखा बंद होता. दिवा वेगानं लुकलुकला, पडदा उघडला आणि दोन सेकंदांनी मिटला.

सवयीनं त्यानं मागचा पडदा मोठा करून बघितला. पिशवीच्या विणीचा धागा न् धागा उठून आला होता. पट्टीच्या रेघा, स्टीलवरचा ओरखडा, टेबलाच्या कडेला उडालेला रंग, सगळं लख्ख, कुठं एक दाणा नाही. मधोमध दोघांचे हात तेवढे हलले होते. कडा पुसल्या गेल्या होत्या, कुठलं बोट कुणाचं ते ओळखू येत नव्हतं.

"हललाय," तो म्हणाला. "दुसरा घेतो."

स्नेहल त्याच्या खांद्यावरून बघत होती. तिनं बराच वेळ बघितलं.

"नगं," ती म्हणाली. "हललो तर हललो. ऱ्हाऊ दे तसाच."